एक्केचाळिसावा बिल्ला

१

सहा वर्षं एडिनबरात काढून मॉर्वेना ट्रेगियर मेलबर्नकडच्या आपल्या गावी परतली, तेव्हा सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबबद्दल तिचं मत पक्कं झालेलं होतं. दाढ्या वाढवलेले हावरे पुरुष, खांद्यावर कुदळी आणि मागे चाळणी झालेली जमीन. तिकडे भूशास्त्र शिकता शिकता तिने एक पंधरा पानी निवेदनही लिहून आणलं होतं. टिंकर घळ या लोकांच्या हातून काढून घ्या आणि मुलांसाठी मोकळी करा, असा त्याचा मथितार्थ. त्याची पहिली प्रत ती क्लबच्या तोंडावर टाकणार होती.

पहिल्या रविवारी ती घळीत गेली आणि तिला भेटले बावीस पेन्शनर. घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास, गुडघ्यांना बांधलेल्या फोमच्या गाद्या. दिवसभर ही मंडळी कानाला हेडफोन लावून, धातू शोधणाऱ्या डिटेक्टरची थाळी जमिनीवरून डावी-उजवी झुलवत निलगिरीच्या झाडांतून हिंडायची, आणि चार वाजता टेबलावर काय ओतायची, तर गंजके खिळे, बंदुकीच्या जुन्या गोळ्या, एखादा घोड्याचा नाल. कुणाला तांदळाच्या कणीएवढं सोनं मिळालं तर त्या दिवशी केक. आणि एक नियम असा कडक, की तो मोडणाऱ्याला तीन रविवार चहा मिळत नसे. खणलेलं भोक बुजवल्याशिवाय गुडघ्यावरून उठायचं नाही. क्लबची अध्यक्ष नोरीन बॅसेट, जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई, सगळ्यांच्या मागून फिरून बुजवलेल्या भोकांवर बूट दाबून बघायची. टाके नीट बसलेत की नाही हे तपासावं, तशी.

निवेदन बॅगेतच राहिलं. आठ महिन्यांत सगळ्यांनी मॉर्वेनाची वेना करून टाकली, आणि क्लबची चिटणीसही.

डोक्यातली आग मात्र तशीच होती. क्लबमध्ये नवं कुणी येत नव्हतं. जंगलखात्याने कळवलं होतं की बावीस माणसांसाठी घळ उघडी ठेवणं परवडत नाही, हिवाळ्यात कुंपण पडेल. वेनाने धावपळ करून तोड काढली. गावच्या शाळेतली साठ मुलं एका गुरुवारी घळीत आणायची, त्यांना जमीन वाचायला शिकवायची. खात्याचा माणूस बघायला येणार होता. दिवस नीट पार पडला की घळ क्लबकडे आणि मुलांकडे राहणार. लहानपणी तिला स्वतःला या घळीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. ते तिच्या मनात अजून खुपत होतं.

मुलांच्या आधी, त्याच आठवड्यात, क्लबचा वार्षिक बिल्ल्यांचा रविवार होता. चाळीस बिल्ले जमिनीत पुरायचे, सभासदांनी डिटेक्टरने शोधायचे, आणि बिल्ल्यावरचा नंबर दाखवून फळ्यावर लिहिलेलं बक्षीस न्यायचं. वर्षानुवर्षं बक्षीस फक्त सभासदाला मिळे. वेनाला ते पटेना. जमीन सगळ्यांची, मग बक्षीस मूठभरांचं का, असं म्हणत तिने बैठकीत अर्धा तास भाषण केलं आणि नवा ठराव मंजूर करून घेतला. बिल्ला ज्याला सापडेल, बक्षीस त्याचं. तो सभासद असो वा नसो, आज आणो की वर्षाने.

विरोधात एकच हात वर झाला. ॲथॉल ओपीचा. हा पूर्वी बस चालवायचा. वेनाला तो प्रोफेसर म्हणायचा.

"उद्या कांगारू बिल्ला घेऊन आला, प्रोफेसर, तर त्यालाही मुरंबा देणार का?"

"आणला तर देईन," वेना म्हणाली.

सगळे हसले, ॲथॉलही हसला, आणि ठराव वहीत गेला.

२

बिल्ले वेनाने स्वतः केले. जुन्या पाण्याच्या टाकीचा तांब्याचा पत्रा तिने गोल गोल कापला, अंगणातल्या ओंडक्यावर ठेवला आणि पोलादी ठशांनी त्यावर अंक उठवले. तिच्या मनगटात जोर कमी, त्यामुळे एका अंकाला दोन ठोके लागत. दोन ठोके, ठसा बदलायचा, पुन्हा दोन ठोके. चाराच्या ठशाचा पाय मोडका होता, म्हणून तिचे सगळे चार लंगडे आले. पत्र्याचा तुकडा संपला तो बरोबर चाळिसाव्या बिल्ल्याला.

शनिवारी सकाळी ती एकटी घळीत गेली. टिंकर घळ म्हणजे तांबड्या मातीची लांबट खोलगटी, दोन्ही अंगांना काळ्या सालीच्या निलगिरी, खाली पांढऱ्या गारगोट्यांचा सडा, आणि दीडशे वर्षांपूर्वी उपसलेल्या मातीचे ढिगारे. ढिगाऱ्यांच्या पलीकडे सोन्याच्या खाणीचा जुना शाफ्ट होता, सरळ खाली गेलेला चौकोनी खड्डा. त्यावर लोखंडी जाळी ठोकलेली. वेनाने त्याच्यापासून चांगलं लांब दोर बांधून चौक आखला आणि आत चाळीस बिल्ले पुरले. खुरप्याच्या दांड्यावर तिने एक खूण केली होती. प्रत्येक खड्डा त्या खुणेइतकाच खोल, म्हणजे घोट्याएवढा. प्रत्येक बिल्ला नंबर वर करून ठेवलेला. प्रत्येकाची जागा नकाशावर टिपलेली. नोरीनसुद्धा एवढी काटेकोर नव्हती.

दुपारी तिने सभागृहातल्या फळ्यावर बक्षिसं लिहिली. सभागृह म्हणजे घळीच्या तोंडाशी, लाकडी खांबांवर उभी केलेली लांबट खोली. तिच्या पायाखालच्या फळ्या इतक्या जुन्या की फटींतून खालची माती दिसायची. सात नंबरला नोरीनचा संत्र्याचा मुरंबा. एकोणीसला नोरीननेच विणलेली पिवळी लोकरीची टोपी, वर गोंडा. असं करत करत तेहतीसपाशी बक्षिसं कमी पडली. वेनाने थोडा विचार केला आणि खडूने लिहिलं: वेनाबरोबर घळीत एक दिवस, दगड-मातीची ओळख, चहासकट.

"हे बक्षीस आहे की शिक्षा?" ॲथॉलने मागून विचारलं.

३

रविवार छान गेला. सॉसेज आणि कांदा तव्यावर चुरचुरत होता, मॅगपाय पक्षी ओरडत होते, आणि म्हातारी माणसं बिल्ला सापडला की चक्क धावत येत होती. वेनाने फळ्यावरच्या नंबरांवर एकेक काट मारली. साडेतीनला सदतीस नंबर खोडून झाले. सात, एकोणीस आणि तेहतीस राहिले. त्यात विशेष काही नव्हतं. दरवर्षी दोन-चार राहतातच, आणि सापडले की माणसं नंतर आणून देतात.

ॲथॉल सगळ्यात शेवटी आला. त्याने मूठ उघडली.

"हा चाळिसाच्या पुढचा. एवढं शिकून तुला मोजता येईना होय?"

बिल्ल्यावर एक्केचाळीस लिहिलेलं होतं. चार लंगडा.

वेनाने तो हातात घेतला आणि पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच चुकलो. मग पत्रा आठवला. एक्केचाळिसाव्यासाठी पत्राच नव्हता. तिने अंगठा फिरवला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिचे सगळे अंक वरून ठोकलेले, त्यामुळे आत दबलेले होते. हे अंक उठून वर आलेले होते, खालून दाबल्यासारखे. म्हणजे करणाऱ्याने मागच्या बाजूने उलटे अंक दाबले होते, पुढून सुलटे वाचता यावेत म्हणून. उलटा चार असलेला ठसा तिच्याकडे नव्हता. आणि ठोक्याची एकही खूण दिसत नव्हती. मळलेल्या कणकेत बोट दाबावं तसा कडेचा उतार गुळगुळीत होता.

"कुठे मिळाला?"

"दोराच्या बाहेर, ढिगाऱ्यांच्या बाजूला. मी म्हटलं, प्रोफेसरने लबाडी केली असणार. घोट्याएवढा खोल, नंबर वर. अगदी तुझ्यासारखाच."

"बुजवलंस ना भोक?" नोरीनने टेबलापलीकडून विचारलं.

"बुजवलं. माती मऊ होती पण, नोरीन. माझ्याआधीच कुणीतरी बुजवली होती."

कुणी तरी वेनाची गंमत करतंय असं ठरलं. ॲथॉलला मुरंब्याऐवजी केकचा मोठा तुकडा मिळाला, आणि पसरलेला खेळ चारच्या सुमारास आवरला.

४

गंमत कोणी केली हे शोधून काढायचं, म्हणून वेना सोमवारी दुपारी पुन्हा घळीत गेली. मनात राग नव्हता, उत्सुकता होती. इतकं सुबक काम करणारं माणूस गावात आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि ते मुलांच्या कार्यक्रमाला उपयोगी पडलं असतं. बरोबर ॲथॉलचा डिटेक्टर होता. आधी राहिलेले तीन बिल्ले काढावेत आणि मग ढिगाऱ्यांकडे वळावं, असा बेत.

नकाशावर सात नंबर एका वाकड्या बुंध्यापासून चार पावलांवर होता. तिने थाळी फिरवली. हेडफोनमध्ये डिटेक्टरची नेहमीची बारीक गुणगुण चालू होती. खाली धातू असला की ती चढते. ती चढली नाही. कुणीतरी काढून नेला असेल आणि सांगायला विसरला असेल. तिने वाकून बघितलं. पण जागा खणलेली दिसेना. शनिवारी तिने स्वतः पसरलेला पाचोळा होता तसाच होता, त्यावर कोळ्याचं एक जाळंही विणून झालेलं. तिने खुरपं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं.

वरचा बोटभर थर साय धरावी तसा अखंड होता. त्याच्याखाली माती सैल, भुसभुशीत, आणि बिल्ला नाही. तो वरून कुणी काढलाच नव्हता.

घुशीसारखं काहीतरी असेल, तिने स्वतःला सांगितलं. इथे वाँबॅट बिळं खणतातच. वाँबॅटला तांबं कशाला हवं, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला. एकोणीस नंबरच्या जागी हेच. तेहतीसच्या जागी हेच. प्रत्येक ठिकाणी खालून घेतलेलं, आणि घेतल्यावर पोकळी पुन्हा भरून ठेवलेली, थापून थापून. तेहतीसपाशी गुडघ्यावर बसलेली असताना तिच्या लक्षात आलं की जे कोणी आहे, ते भोक बुजवल्याशिवाय उठत नाही.

५

ढिगाऱ्यांच्या बाजूला ॲथॉलची जागा सापडायला वेळ लागला नाही. तिथून वीस पावलांवर गुणगुण चढली. तिने खणलं. घोट्याएवढं खोल, नंबर वर. बेचाळीस. अंक उठावाचे.

पुढे आणखी वीस पावलं. आता शाफ्टची जाळी दिसत होती. गुणगुण एकदम इतकी चढली की तिने हेडफोन कानावरून सरकवला. त्रेचाळीस. हा मातीतून काढताना बोटांना जड लागला. तिने तो बाहीवर पुसला आणि मातीखालून एक मंद, मऊसर पिवळा रंग वर आला. नखाने खरवडलं, तर चरा पडला. एडिनबराच्या प्रयोगशाळेत तिने हा धातू काचेच्या नळीत, कणाकणाने बघितला होता. इथे तो तिच्या तळव्याएवढा होता.

ती उकिडवी बसून राहिली. तीन नेले, तीन ठेवले, हे गणित तिने नको म्हटलं तरी डोक्यात होऊन गेलं. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. ज्याने कुणी हे केलं त्याला चाळीसनंतर काय येतं ते माहीत होतं, बिल्ले कसे ठेवतात ते माहीत होतं, आणि खेळात आपलीही पाळी असते असं त्याला वाटत होतं.

तेव्हाच तिला आवाज ऐकू आला. हेडफोन गळ्यात होता, डिटेक्टर बंद होता. दोन ठोके. मग थोडं थांबून पुन्हा दोन ठोके.

या देशात सुतारपक्षी नाहीत. वारा पडलेला होता, पानही हलत नव्हतं. सैल पत्रा म्हणावा, तर घळीत पत्रा नव्हता. आवाज जाळीखालून येत होता, खूप खोलून, आणि त्यात एक अडखळणं होतं जे तिच्या ओळखीचं होतं. मनगटात जोर कमी असला की दुसरा ठोका पहिल्यापेक्षा जरा हळू पडतो.

वेनाने भोक बुजवलं, बुटाने दाबलं, आणि मगच ती उठली. घाई करावीशी वाटत होती, पण तिने केली नाही.

६

ॲथॉल गॅरेजमध्ये लॉन कापायचं यंत्र उघडून बसला होता. त्याने तेलकट हात पुसले, सोन्याचा बिल्ला घेतला आणि बराच वेळ नुसता तोलत राहिला. त्याच्या मागच्या फळीवर औषधाची एक छोटी बाटली होती. तीस वर्षांत त्याला सापडलेलं सगळं सोनं त्या बाटलीत होतं, आणि बाटली अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

"जिथून काढलास तिथे ठेव," तो म्हणाला. "बुजव. आणि मला दाखवला नाहीस असं समज."

वेनाला वाटलं तो थट्टा करतोय. तिने तीन खड्ड्यांचं सांगितलं, ठोक्यांचं सांगितलं. तो ऐकत होता आणि बिल्ल्याकडे बघत नव्हता. मग त्याने सांगितलं की त्या जाळीपाशी त्यालाही एकदा डिटेक्टरवर धातूची खूण लागली होती. दहा वर्षं झाली. चांगली ठसठशीत खूण, हातभर खोल असेल अशी. तो खणत गेला, तशी ती खाली खाली गेली. कमरेएवढा खड्डा झाला तरी खूण हातभर खालीच. शेवटी त्याने दिवसभराचा तो खड्डा दोन तास बुजवला आणि घरी आला. कुणाला बोलला नाही, कारण बोलला असता तर सगळा क्लब फावडी घेऊन तिथे गेला असता.

"पण मग तुला जाणून घ्यावंसं नाही वाटलं?" वेनाने विचारलं. "खाली काय आहे ते?"

"वाटलं ना. म्हणून तर घरी आलो." त्याने बिल्ला तिच्या हातात परत ठेवला. "हे बघ, प्रोफेसर. हे मी शोधलेलं सोनं नाही. हे कुणीतरी माझ्यासाठी ठेवलंय. आपण पोरांसाठी ठेवतो ना, सहज सापडेल असं, तसं. मला सत्तराव्या वर्षी कुणाचं पोर व्हायचं नाही."

त्याने तिला डिटेक्टरही परत मागितला नाही.

ठेवते, असं ती म्हणाली खरी. पण ठेवला नाही. अजून एकदा, उजेडात, भिंगाखाली बघायचा होता. तिन्ही बिल्ले तिने सभागृहात नेऊन फळ्याखालच्या खणात टाकले.

७

मंगळवारी चार वाजता ती मुलांसाठी साठ बिल्ल्यांचा नवा पत्रा घेऊन सभागृहात आली. दार कुलूपबंद होतं, ते तिने स्वतः उघडलं. आत उन्हाचे पट्टे पडलेले, चहाच्या भांड्यांचा आणि जुन्या लाकडाचा वास, सगळं नेहमीसारखं. बक्षिसांच्या टेबलावर राहिलेल्या दोनच वस्तू होत्या. त्या आता तिथे नव्हत्या.

मुरंब्याच्या बाटलीचं चिकट कडं टेबलावर होतं, आणि कड्याच्या बरोबर मधोमध सात नंबरचा बिल्ला. टोपी होती तिथे एकोणीस. दोन्ही नंबर वर करून. दोन्ही तिचे, आत दबलेल्या अंकांचे. टेबलापासून जमिनीपर्यंत आणि जमिनीवरून भिंतीपर्यंत तांबड्या मातीची बारीक रेघ गेली होती, आणि भिंतीशी एक फळी बाकीच्यांपेक्षा केसभर वर होती.

तिने नोरीनला फोन लावला. किल्ली दोघींकडेच होती.

"मी कशाला नेऊ मुरंबा?" नोरीन म्हणाली. "केलाय मीच. घरी अकरा बाटल्या पडल्यात, कुणी घेईना."

वेनाने बिल्ले टेबलावर असल्याचं सांगितलं.

"मग झालं तर. कुणीतरी आणून दिले आणि आपलं बक्षीस नेलं. सभासद असो वा नसो, तुझाच ठराव आहे ना, बाई? आता रडू नकोस." मागे तिच्या किटलीची शिट्टी वाजत होती. "आणि तेहतीस? तो आला का?"

वेनाने फळ्याकडे बघितलं. खडू ठेवायच्या पट्टीवर, तिच्या नावाच्या ओळीखाली, तेहतीस होता. तो टेकवून उभा केलेला होता, दुकानात पावती पुढे करून माणूस उभं राहतं तसा.

"आलाय," ती म्हणाली.

"त्याला काय बक्षीस होतं ग? मला आठवेना."

त्याच वेळी तिला तो आवाज कळला. मघापासून तो चालू होता, तिला वाटत होतं फोनमधून येतोय. काचेवर पत्रा घासल्याचा, कुर्र, कुर्र, थांबून पुन्हा कुर्र. बाटलीचं झाकण फिरवल्याचा. चुकीच्या दिशेने, न कंटाळता. आवाज तिच्या पायाखालून येत होता.

ती हलली नाही. फक्त मान खाली केली. दोन बुटांच्या मध्ये बोटभर फट होती, आणि फटीखाली, जिथे नेहमी माती दिसायची, तिथे पिवळी लोकर होती. नोरीनच्या हातचा उलट-सुलट टाका. कुणी फेकून दिलेली टोपी आहे, असं समजायला वेनाला एक पळ मिळाला. मग झाकणाचा आवाज थांबला, गोंडा एका बाजूला कलंडला, आणि टोपी सावकाश मागे झुकली. वर बघण्यासाठी कुणी मान उचलावी, तशी.

"वेना?" फोनमधून नोरीन म्हणत होती. "अग, काय होतं बक्षीस?"

टोपीच्या कडेखाली काय होतं ते बघायला तिला अजून थोडं वाकावं लागलं असतं. ती वाकली नाही. दाराकडे गेली ती पाय न आपटता, एकेका फळीवर हलकेच पाऊल ठेवत. आणि तिच्या प्रत्येक पावलानंतर, खालून, त्याच फळीला काहीतरी हलकेच टेकत होतं.

८

बुधवारी सकाळी सात वाजता तिने शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन केला आणि गुरुवारचा दिवस रद्द केला. कारण विचारलं तेव्हा तिने जमीन पोकळ असल्याचं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. मुख्याध्यापिका वैतागल्या. साठ डबे ठरले होते, बस ठरली होती, मुलं आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हती. पुढचा फोन जंगलखात्याच्या माणसाला. तो एवढंच म्हणाला, की मग कुंपणाचं काम लवकर लावून घेतो. वेनाने बरं म्हटलं. आठ महिन्यांचं काम दोन फोनमध्ये संपलं.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. इथून सरळ मेलबर्नची गाडी धरावी, तिथून एडिनबराचं विमान, आणि पुन्हा कधी या बाजूला फिरकू नये, हे सगळ्यात शहाणपणाचं होतं. तिने ते नीट, पायरीपायरीने विचार करून पाहिलं. कुंपण लोखंडाचं असणार होतं आणि शाफ्टवरची जाळीही लोखंडाचीच होती. त्या जाळीखालून बिल्ले बाहेर आले, आणि कुलूपबंद दाराआत पोचले. उद्या नाही तर पुढच्या वर्षी, या गावात कुठेतरी कुणीतरी मुलांसाठी काहीतरी पुरून ठेवणारच. आणि खाली एक जण असा होता ज्याचं चिटणीसबाईंनी भर बैठकीत कबूल केलेलं बक्षीस थकलेलं होतं.

त्याने एकही नियम मोडला नव्हता. खोली पाळली होती, नंबर वर ठेवला होता, भोकं बुजवली होती. फळ्यावर लिहिलं होतं तेवढंच उचललं होतं आणि त्याच्या जागी बिल्ला ठेवला होता. पहिल्यांदा जर कुणी नियम मोडलाच, तर तो आपण मोडणार. मग पुढे तो कसा खेळेल, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि साठ मुलांच्या जिवावर ते जाणून घ्यायचं नव्हतं.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि आरशासमोर केस बांधताना तिने ती स्वतःशी कबूल केली. टोपीच्या कडेखाली काय आहे, ते तिला बघायचं होतं.

तिने थर्मास भरला. दोन कप घेतले. हातोडी, भिंग, दगडांच्या नमुन्यांची पेटी. नोरीनसाठी टेबलावर चिठ्ठी ठेवली, की तेहतीसचं बक्षीस द्यायला घळीत जाते, चार वाजेपर्यंत आले नाही तर कुणी शोधायला यायचं नाही, आणि ॲथॉलला तर अजिबात येऊ द्यायचं नाही. वाटेत ती सभागृहात गेली. खणातले तिन्ही बिल्ले तिने खिशात टाकले, कारण ते तिचे नव्हते. तेहतीस पट्टीवरून उचलला. फळ्यावरच्या आपल्या नावापुढे खडूने काट मारली.

ॲथॉलचा डिटेक्टर सोमवारपासून तिच्याकडेच होता, आणि सवयीने तिने तो खांद्याला अडकवून आणला होता. तो तिने काढला आणि दारामागच्या खुंटीला टांगला. आज शोधायचं काम तिचं नव्हतं.